खेळ बंद पडतो तेव्हा दोष कोणाचा?

संगणकावरील खेळ मध्येच बंद पडू लागला म्हणजे घरात जो वाद माजतो, तो आता खेड्यांतील कुटुंबांसही अपरिचित राहिलेला नाही. मुलगा म्हणतो, खेळच सदोष आहे; बाप म्हणतो, रात्रंदिवस खेळून पोराने यंत्र बिघडवले; आणि आई म्हणते, मुळात ते घरात आणावयासच नको होते. तिघेही खात्रीने बोलतात, परंतु परीक्षा कोणीच करीत नाही. परिणामी दुरुस्तीचा पैसा भलत्याच जागी खर्ची पडतो, आणि ज्या यंत्रावर मुलांचा अभ्यासही व्हावयाचा, ते तसेच नादुरुस्त राहते. दोष कसा शोधावा हे समजून घेण्यास अलीकडचे एक प्रकरण फार उपयोगी आहे.

इंटेल या अमेरिकन कंपनीने २०२२ च्या ऑक्टोबरात आपल्या प्रोसेसरांची तेरावी पिढी व २०२३ च्या ऑक्टोबरात चौदावी पिढी विक्रीस आणली. प्रोसेसर म्हणजे संगणकातील सारे हिशेब करणारी मुख्य चिप. यांतील वरच्या दर्जाच्या, महागड्या चिपा घेणाऱ्या कित्येकांस विचित्र अनुभव येऊ लागला. फोर्टनाइट, टेकन ८ यांसारखे खेळ सुरू होता होताच बंद पडत आणि व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश पडद्यावर येई. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डावर ठपका ठेवला. वस्तुतः कार्डात मेमरी मुबलक होती.

खरा प्रकार निराळाच होता. खेळातील चित्रे व सूचना डिस्कवर दाबून, जणू घडी घालून ठेवलेल्या असतात. खेळ सुरू होताना प्रोसेसर ती घडी उलगडतो, आणि या कामी एका आकड्याचीही चूक खपत नाही. हे काम करणाऱ्या ऊडल नावाच्या प्रणालीच्या कर्त्यांनी २०२४ च्या आरंभी जाहीर केले की, दोष त्यांच्या प्रणालीत नाही व खेळातही नाही. हिशेब चुकतो तो प्रोसेसरच. त्याच संगणकावर पत्र लिहिता येई, चित्रपट पाहता येई. म्हणून यंत्र धडधाकट आहे अशी मालकाची समजूत होई.

जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की, चिपमधील मायक्रोकोड ही अंतर्गत सूचनावली वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होती. त्या दाबाने व उष्णतेने चिपमधील कालमापनाचे मंडल कमजोर होत असे, असा अधिक खुलासा सप्टेंबरात झाला. सुधारित मायक्रोकोड ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये निघाले, आणि बाधित प्रकारच्या, पेटीबंद विकल्या गेलेल्या चिपांची हमी तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली. परंतु येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. नवा मायक्रोकोड पुढील झीज रोखतो; झालेली झीज भरून काढीत नाही. ज्यांनी महिनोन्‌महिने खेळ पुसून पुन्हा बसविण्यात काळ घालविला, त्यांची चिप त्या काळातही झिजतच होती. म्हणून या पिढ्यांचा टेबलावरील संगणक कोणी जुन्या बाजारातून घेत असल्यास, त्याचा बायॉस अद्ययावत केला होता काय व केव्हा, हे विचारावे, आणि मूळ खरेदीची पावती अवश्य मागून घ्यावी.

अर्थात प्रत्येक खेळ याच कारणाने बंद पडतो असे नव्हे. आपल्या घरी तपास करावयाचा झाल्यास प्रथम वही घ्यावी. कोणता खेळ, किती मिनिटांनी बंद पडला, संदेश कोणता आला, हे तारखेसह लिहावे. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर बिघाडांची दिवसवार नोंद ठेवतो. त्या दिवसांत नवे काय बसविले होते, हे तिच्याशी ताडून पाहावे.

एकच खेळ बंद पडत असेल, तर दोष बहुधा त्या खेळातच असतो. त्यास लागणारी मेमरी आपल्या यंत्रात आहे काय ते पाहावे. स्टीमवरून घेतलेल्या खेळाच्या फायली तपासून घेण्याची सोय स्टीममध्येच आहे; बिघडलेली फाईल ती पुन्हा आणून देते. सारेच मोठे खेळ बंद पडत असतील, तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. वीस-तीस मिनिटांनी बिघाड होत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. पंख्यात साचलेली धूळ काढावी, आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नये, कारण तेथे त्याचे हवेचे मार्ग बुजतात. खेळाऐवजी सबंध संगणकच झटकन विझत असेल, तर उष्णतेबरोबर वीजपुरवठाही तपासून घ्यावा. मेमरीची परीक्षा विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक करते, व त्यास पैसे पडत नाहीत.

या साऱ्या तपासात एक नियम कटाक्षाने पाळावा: एका वेळी एकच बदल. तीन उपाय एकदम केले आणि खेळ चालू लागला, तर गुण कशाचा आला हे कळत नाही. आणि पुन्हा बिघडला, तर सारे पहिल्यापासून आले.

बायॉस बदलताना विशेष सावध असावे. ते काम अर्ध्यावर असता वीज गेली, तर संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने यूपीएसवाचून हे काम हाती घेऊ नये. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली व चार्जर लावलेला असावा.

आईबापांस एवढीच विनंती की, मुलावर दोष ठेवण्यापूर्वी ती वही घेऊन त्याच्याशेजारी एक संध्याकाळ बसावे. दुकानदाराकडे जाण्याची वेळ आलीच, तर पावतीबरोबर तीही न्यावी. म्हणजे तोही अंदाजाने भलताच भाग बदलणार नाही.