अल्प विभवांतराच्या परिपथांतील वाहकाचा धातू : विद्युतधारा व उष्णता

१२ व्होल्टच्या परिपथाचा झटका सहसा जाणवत नाही, म्हणून तो निर्धोक मानला जातो. हा समज अपुरा आहे. ६० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ०.२६ अँपिअर विद्युतधारा घेतो, १२ व्होल्टवर मात्र ५ अँपिअर. तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने येथे धातूची निवड निर्णायक ठरते.

२०° सेल्सिअसला तांब्याची रोधकता सुमारे १.६८ × १०⁻⁸ ओहम-मीटर, तर ॲल्युमिनिअमची २.६५ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. २.५ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या, जाऊन-येऊन २० मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेतून ५ अँपिअर धारा वाहत असता विभवांतरात ०.६७ व्होल्टची घट होते व दर सेकंदाला ३.४ ज्यूल उष्णता निर्माण होते. ॲल्युमिनिअमच्या तारेत हेच आकडे १.०६ व्होल्ट व ५.३ ज्यूल होतात.

काटछेद सुमारे १.६ पट केल्यास हा फरक भरून निघतो, आणि तरीही ॲल्युमिनिअमच्या तारेचे वजन तांब्याच्या निम्मेच भरते. तथापि ॲल्युमिनिअमवरील ऑक्साइडचा थर विद्युतरोधक असल्याने सैल जोडणी तापते. अशा वेळी धारा वाढत नाही, त्यामुळे फ्यूजही वितळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना तारेच्या जाडीइतकीच जोडणीही तपासावयास शिकविणे अगत्याचे आहे.