सौर विजेवर अंघोळीचे पाणी

गांधीबागेतील जुन्या घरांत तांब्याचा बंब आणि घंघाळ आजही एखाद्या कोपऱ्यात सापडते. त्यांची जागा आता गिझरने घेतली आहे, आणि तो सौर विजेवर चालवता येईल का, असा विचार अनेक कुटुंबे करतात. नागपूरची थंडी किरकोळ नव्हे. २०१८च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. वृद्धांसाठी ऊन पाणी ही चैन म्हणता येणार नाही.

एक गैरसमज प्रथम दूर करावा. महावितरणच्या जाळ्याला जोडलेली साधी सौर यंत्रणा वीजपुरवठा खंडित होताच स्वतःही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून तशी योजना असते. स्वतंत्रपणे चालायची असेल तर बॅटरी हवी. परंतु बॅटरीवर पाणी तापवणे म्हणजे तिची उधळपट्टीच. वीस लिटर पाणी १८ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे अर्धा युनिट लागतो. घरगुती इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात, आणि शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. दोन अंघोळींतच ती संपेल. मग रात्री प्राणवायू यंत्राला वीज कोठून आणावी?

म्हणून ऊन बॅटरीत न साठवता पाण्यातच साठवावे. एक किलोवॉटची पॅनेल निरभ्र दिवशी सुमारे चार युनिट देतात. पन्नास लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर नेण्यास अडीच युनिटही लागत नाहीत. दुपारी तापलेले पाणी चांगल्या उष्णतारोधक टाकीत सकाळपर्यंत ऊन राहते. तापक मात्र दोन हजार वॉटचा नको. पाचशे ते हजार वॉटचा पुरे. पॅनेलची एकदिश वीज थेट तापकाला द्यायची असल्यास नेहमीच्या गिझरचा थर्मोस्टॅट चालत नाही. ठिणगीने त्याचे संपर्कबिंदू चिकटतात आणि पाणी उकळतच राहते. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

दाट वस्तीत खरी अडचण सावलीची. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४५ अंश वर असतो; शेजारची उंच इमारत त्याला सहज झाकते. खरेदीपूर्वी हिवाळ्यातील सावली पाहून घ्यावी. न्हाणीघर छताच्या लगेच खाली असेल, तर पाणी थेट उन्हात तापवणारा जुना सौरबंबच बरा. तेवढ्याच जागेत तो अधिक उष्णता देतो. न्हाणीघर तळमजल्यावर असल्यास लांब नळात पाणी निवते, तेथे तारच सोयीची.

टाकीतील साठ अंशांमुळे लिजिओनेला जिवाणूंना आळा बसतो. मात्र तेच पाणी अंगावर पडल्यास पाचेक सेकंदांत त्वचा भाजते, वृद्धांची नाजूक त्वचा त्याहूनही लवकर. मधुमेहाने पायांची जाणीव मंदावलेल्यांना ते कळतही नाही. म्हणून नळाशी मिश्रण-झडप बसवावी. ती नसेल तर बादलीत विसण आधी, ऊन पाणी नंतर, आणि काळजी घेणाऱ्याने कोपर बुडवून पाहावे. तापकाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरक्षक स्विच व अर्थिंग हवेच.

पावसाळ्यात सलग ढग असले, तर पातेलेभर पाणी गॅसवर तापवावे. ते उचलून नेण्याचे काम मात्र वृद्धांवर सोपवू नये.