घाट उतरवतो तो गिअर

चाकणहून माल भरून न्हावा शेवाकडे निघालेला कंटेनर ट्रेलर खंडाळ्याच्या माथ्यावर येतो, तेव्हा त्याच्याकडे बिल्टीवर न लिहिलेला एक ऐवज असतो, उंचीचा. खोपोली तिथून साधारण 500 मीटर खाली आहे. गाडी, कंटेनर आणि माल मिळून 40 टन धरले, तर वजन आणि उंचीचा शाळेतला हिशोब 196 मेगाज्यूल ऊर्जा सांगतो. विजेच्या मीटरवर ही 54 युनिटं. घाट संपेपर्यंत ती कुठेतरी जिरवावी लागते. अजिबात जिरली नाही, तर पायथ्याशी गाडीचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटर भरेल.

जिरवायची कुठे? पहिलं उत्तर अर्थातच ब्रेक. पाच ॲक्सलच्या ट्रेलरला दहा ड्रम असतात. बिडाचा एक ड्रम साधारण 50 किलोंचा धरू. सगळी ऊर्जा या दहा ड्रममध्येच कोंबली, तर त्यांचं तापमान साडेआठशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात थोडा वाटा टायर उचलतात, थोडा समोरचा वारा, आणि ड्रमही चालता चालता निवत राहतात. पण ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरायचा म्हटलं, तर तीनशे-चारशे अंशांची मजल काही लांब नाही.

तापलेला ड्रम फुगतो. आतले शू बाहेर ढकलले जाऊन ड्रमला घासतात तेव्हा ब्रेक लागतो. ड्रमच फुगला, की शूला जास्त अंतर जावं लागतं आणि ढकलणाऱ्या दांड्याची धाव अपुरी पडू लागते. त्यात शूवरचा लायनर तापला की त्याची पकडही उतरते. पायाखाली पेडल आहे, टाकीत हवा आहे, पाइप शाबूत आहे, आणि गाडी थांबत नाही. बातमीत याला ‘ब्रेक फेल’ म्हणतात. खरं तर हवेचे ब्रेक बांधलेले असतात ते नेमके उलट्या तत्त्वावर. मागच्या चाकांवर जाडजूड स्प्रिंग असते आणि हवेचा दाब तिला दाबून धरतो. हवा गेली, तर स्प्रिंग मोकळी होते आणि ब्रेक आपोआप लागतो. उष्णतेवर मात्र असा तोडगा नाही.

म्हणून मोठा वाटा इंजिनाने उचलायचा असतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि ते फिरवण्यात ऊर्जा खर्ची पडते. पण डिझेल इंजिनाची इथे एक अडचण आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट अडते आणि इंजिन चांगलंच जड होतं. डिझेल इंजिनात हवा मोकळी आत येते, पिस्टन ती दाबतो, आणि दाबलेली हवा पिस्टनला पुन्हा खाली ढकलते. घेतलेलं बरंचसं परत मिळतं. हिशोब जवळजवळ फिटतो, म्हणून ब्रेक लागत नाही.

ही गोष्ट डिझेल इंजिनं बनवणाऱ्या क्लेसी कमिन्स यांना फार वाईट प्रकारे कळली. 1931 मध्ये आपल्या डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन ते अमेरिका ओलांडत होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर ब्रेक निकामी झाले, आणि पायथ्याशी रेल्वेच्या फाटकावरून मालगाडी चालली होती. थोडक्यात वाचले. पुढे कित्येक वर्षांनी, निवृत्तीनंतर, त्यांनी उपाय शोधला: पिस्टन वर पोचून हवा पुरती दाबली गेली, की त्याच क्षणी एक्झॉस्ट झडप उघडायची. दाबलेली हवा बाहेर, परतफेड बंद. ड्रिलचे चक बनवणाऱ्या जेकब्स कंपनीने 1961 मध्ये हा ब्रेक बाजारात आणला. आपल्याकडे जास्त दिसतो तो याचा साधा भाऊबंद, एक्झॉस्ट ब्रेक. धुराच्या नळीत एक झडप बंद करून इंजिनाला स्वतःच्याच धुराविरुद्ध झगडायला लावायचं.

जुने चालक सांगत, ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या ट्रकांच्या काळात हा नियम चोख होता. आजची अडीचशे-तीनशे अश्वशक्तीची गाडी तोच घाट वरच्या गिअरमध्ये चढते, त्यामुळे उतरताना एखादा गिअर आणखी खाली घेतलेला बरा. वेग निम्मा केला, की उष्णता निर्माण होण्याचा दरही निम्मा होतो.

आणि तरी गाड्या न्यूट्रलवर सोडल्या जातात. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका अवजड गाडीने अनेक वाहनांना धडक दिली. आधी बोललं गेलं ते ब्रेक फेलबद्दल. नंतर पोलिसांच्या तपासात पुढे आलं, की नव्या कात्रज बोगद्यापासूनच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये उतरवली होती. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद आणि पॉवर स्टिअरिंगही गेलं.

हे सगळं डिझेल वाचवण्यासाठी. गंमत अशी, की आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला, की डिझेल पुरतं तोडलं जातं. न्यूट्रल केलं, तर इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं, तासाला दीड-दोन लिटर. तीव्र उतारावर न्यूट्रलची बचत ही जुन्या पंपाच्या इंजिनांपासून चालत आलेली समजूत आहे. पण चालकाला अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. अनेक मालक फेरीचं डिझेल आधीच ठरवून देतात. उरलं ते चालकाचं. हा हिशोब जोवर असा आहे, तोवर घाटात ‘न्यूट्रल करू नका’च्या कितीही पाट्या लावल्या तरी त्या वाचणाऱ्याचा हात गिअरकडेच जाणार.

त्या 54 युनिटांचा सदुपयोग मात्र होऊ शकतो. स्वित्झर्लंडमध्ये बीलजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या खाणीत विजेवरचा महाकाय डंपर चालतो. वरून 65 टन माल भरून उतरताना मोटर जनित्र होते आणि बॅटरी भरते. वर जाताना तो रिकामा असतो, म्हणून उरलेली वीज जास्तच भरते. आपल्या घाटात चढतानाही माल असतो, तेव्हा इतकी चैन नाही. तरी विजेवरचे ट्रक खंडाळ्याच्या या बोरघाटात रुळले, की चालकांना एक नवा नियम पाठ करावा लागेल: लोणावळ्याला बॅटरी काठोकाठ भरून निघायचं नाही. भरलेल्या बॅटरीत घाटाची वीज शिरायला जागा नसते, आणि मग सगळा भार पुन्हा त्या दहा ड्रमांवर.