देवाला 'अहो' का नाही म्हणत?

सरांना 'अहो', आईला 'अगं', शेजारच्या काकांना 'तुम्ही'. आणि देवाला? थेट 'तू'! 'अहो गणपती बाप्पा, तुम्ही पुढच्या वर्षी लवकर या' असं कुणी म्हणताना ऐकलंय? मराठी चर्चमध्येही प्रार्थनेत देवाला 'तू'च म्हणतात. गंमत म्हणजे नाताळच्या बातमीत मात्र आपण 'प्रभू येशू ख्रिस्त यांचा जन्म' असं आदरार्थी लिहितो. मग खरा आदर कुठला?

इंग्रजीत तर या प्रश्नाने चांगलीच कोलांटउडी मारलीय. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधलं 'दाऊ' म्हणजे साधं एकवचनी 'तू'. देवालाही तेच, सैतानालाही तेच! पुढे रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' गेलं, प्रार्थनेत उरलं आणि जुनं झालं म्हणून पवित्र वाटू लागलं. १९५२ च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड बायबलने माणसांसाठी 'यू' घेतलं, पण देवाशी बोलताना 'दाऊ'च ठेवलं. १९८९ च्या नव्या आवृत्तीत तेही गेलं. कुणाला वाटलं देवाचा मान गेला, कुणाला वाटलं देव जवळ आला.

आपल्याकडे हा आदर कधी छंदातून आला, कधी रीतींतून. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाने येशूची कथा सांगायला चक्क ओवी निवडली. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूसाठी अभंग लिहिले, कीर्तनं केली. १९६९ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी रोमच्या संमतीने मिस्सेत पादत्राणं काढणं, हात जोडून नमस्कार, आरती, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा अशा गोष्टींना वाट करून दिली. यावरही वाद झालाच. 'हे आपलं नाही,' असं म्हणणारे ख्रिस्तीही होते.

म्हणून उद्या कुणी चर्चमध्ये गिटार घेऊन गायलं आणि मागच्या बाकावरून 'काही आदर उरलाय की नाही?' असा सूर आला, तर दोघांचंही ऐका. मागच्या बाकावरच्यांना हरवण्याची भीती वाटतेय आणि गिटारवाल्याला देवाशी आपल्या भाषेत बोलायचंय. ओवीसुद्धा चर्चमध्ये कधीतरी नवीनच होती की!

आणि हो, तुमची आजी देवाशी कशी बोलते, ते एकदा नीट ऐका. कधी लाडाने, कधी चक्क भांडून. 'अहो' मात्र बहुतेक नसेलच.