‘नॉट ॲट ऑल’ : दोन शब्दांनी अडकवलेली उधारी

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजी पाचवीपासून एक विषय म्हणून शिकलो, तेही परीक्षेपुरते. भिवंडीत कापडाच्या धंद्यात आल्यावर मात्र कळले की दक्षिणेकडील पार्टीशी बोलायचे तर मराठी, उर्दू दोन्ही कमी पडतात. तेथे मोडकीतोडकी का होईना, इंग्रजीच चालवावी लागते. या मोडक्या इंग्रजीत आम्ही सर्वांत जास्त वापरलेला आणि सर्वांत जास्त महाग पडलेला शब्दप्रयोग म्हणजे ‘ॲट ऑल’.

गोष्ट २००८ सालची. दक्षिणेतील एका पार्टीला आम्ही ३० दिवसांच्या उधारीवर माल दिला होता. माल पोहोचल्यावर त्यांचा फोन आला : ‘वुड यू माइंड इफ वी पे आफ्टर सिक्स्टी डेज?’ ६० दिवस ऐकताच आम्ही जोरात म्हणालो, ‘नॉट ॲट ऑल!’ आमच्या मनात अर्थ होता, ‘बिलकुल नाही, ३० म्हणजे ३०.’ समोरून ‘थँक यू व्हेरी मच’ असे आले आणि फोन बंद झाला. नकार दिला तरी आभार मानतो, काय सज्जन माणूस आहे, असे आम्ही मुनीमजींना सांगितलेसुद्धा!

तिसाव्या दिवशी पैसे आले नाहीत. विचारले तर उत्तर मिळाले, ‘तुम्हीच कबूल केले होते.’ ते खरेच होते. ‘माइंड’ म्हणजे येथे हरकत. ‘तुमची हरकत आहे का?’ या प्रश्नाला आम्ही ‘मुळीच नाही’ असे उत्तर दिले होते. म्हणजे खुशाल ६० दिवसांनी द्या! इकडे सूतवाला दारात उभा. तो महिना उसनवारीवर काढावा लागला. पार्टीचा काहीच कसूर नव्हता. ‘सॉरी, वी कॅनॉट वेट सिक्स्टी डेज’ एवढे साधे वाक्य बोललो असतो तर काम झाले असते.

घोळ कोठे होतो?

आपण ‘बिलकुल’चे इंग्रजी ‘ॲट ऑल’ करतो, तेथे घोळ होतो. दोन्ही शब्द घडणीने भाऊच आहेत. अरबीत ‘कुल’ म्हणजे सगळे आणि इंग्रजीत ‘ऑल’ म्हणजेही सगळे. पण चाल वेगळी. ‘बिलकुल’ होकारालाही लागतो, नकारालाही : बिलकुल तयार, बिलकुल नाही. ‘ॲट ऑल’ तसा नाही. तो नकारात, प्रश्नात आणि ‘जर-तर’च्या वाक्यात येतो. म्हणून ‘माल बिलकुल तयार आहे’ यासाठी ‘गुड्स आर रेडी ॲट ऑल’ म्हटले तर समोरचा गोंधळतो. तेथे ‘कम्प्लीटली रेडी’ म्हणावे.

यावर मराठीतच सोपी कसोटी आहे. मराठीत ‘मुळीच नाही’ म्हणतात, ‘मुळीच आहे’ कोणी म्हणत नाही. साध्या वाक्यात ‘बिलकुल’च्या जागी ‘मुळीच’ घालून पाहा. बसला तर ‘ॲट ऑल’ चालेल, नाही बसला तर सोडून द्या.

धंद्यात जपण्याच्या जागा

पहिली जागा म्हणजे ‘नॉट ऑल’ आणि ‘नॉट ॲट ऑल’. ‘नॉट ऑल द पीसेस आर डॅमेज्ड’ म्हणजे सगळे खराब नाहीत. यातून काही खराब आहेत, असाच अर्थ निघतो. ‘द पीसेस आर नॉट डॅमेज्ड ॲट ऑल’ म्हणजे एकही खराब नाही. मधला लहानसा ‘ॲट’ गळाला तर तुम्ही स्वतःच्या हाताने माल खराब असल्याची कबुली लिहून देता आणि पार्टी बिलातून रक्कम कापायला मोकळी होते.

दुसरी जागा प्रश्नाची. ‘डिड यू चेक द गुड्स?’ म्हणजे माल तपासला का? हा सरळ प्रश्न. त्यालाच ‘ॲट ऑल’ जोडले की ‘माल तपासला तरी का?’ असा टोमणा होतो. गिऱ्हाईक टिकवायचे असेल तर ते शेपूट लावू नये.

तिसरी जागा ‘एनी’ची. ‘इफ देअर इज एनी डिफेक्ट ॲट ऑल, वी विल टेक इट बॅक’ असे लिहिले तर कितीही बारीक दोष असला तरी माल परत घेण्याचे वचन होते. एक तुटका धागासुद्धा त्यात आला. एवढी हमी द्यायची नसेल तर कोणता दोष आणि किती, ते स्पष्ट लिहावे. याच ‘एनी’बरोबर मात्र ‘ॲट ऑल’ होकारातही चालतो : ‘एनी कलर ॲट ऑल विल डू’ म्हणजे कोणताही रंग चालेल.

आणि आपण ‘थँक यू’ म्हटल्यावर कोणी ‘नॉट ॲट ऑल’ म्हणाले तर तो नकार समजू नये. ‘त्यात काय एवढे’ असा त्याचा अर्थ आहे. बोलताना हे शब्द जोडून ‘नॉटटॉल’सारखे ऐकू येतात, म्हणून कान उघडे ठेवावेत.

शेवटी एवढेच

पैशाची बोलणी तोंडी संपवू नयेत. फोन झाला की लगेच मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठवाव्यात : माल किती, भाव काय, पैसे कोणत्या तारखेला. २००६ च्या लघुउद्योग कायद्यातही नोंदणीकृत लहान उत्पादकाला पैसे देण्याची मुदत लेखी ठरली असली तरी ४५ दिवसांपुढे जात नाही. पण ठरले काय होते, हे दाखवायला कागद लागतो.

इंग्रजी कमी येते याची शरम वाटण्याचे कारण नाही. न समजता ‘येस’ किंवा ‘नॉट ॲट ऑल’ म्हणण्यापेक्षा ‘प्लीज रिपीट’ म्हणणे केव्हाही स्वस्त पडते. आम्ही हा धडा पूर्ण ३० दिवसांचा जादा वेळ देऊन शिकलो. आपण फुकटात शिकावे.