राजीनाम्यातली संमती

नोकरी सोडताना द्यायच्या पत्राला मराठीत राजीनामा म्हणतात. हा शब्द फारसीतून आलेला असून ‘राजी’ म्हणजे संमत आणि ‘नामा’ म्हणजे लेख, हा त्याचा मूळ अर्थ आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात जमिनीचा कब्जा सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि ती जमीन पुढे कसणारा कबुलायत, म्हणजे सारा भरण्याची लेखी हमी, लिहून देई. नोकरीतही अशी जोडी जमावी लागते.

तिची सुरुवात वरिष्ठांना समक्ष भेटून करावी, कारण ही बातमी त्यांना सहकाऱ्यांच्या कुजबुजीतून कळणे फार लागते. पत्र चार ओळींचे पुरे. त्यात निर्णय, कामाचा शेवटचा दिवस आणि आभार असावेत, साठलेल्या तक्रारी नसाव्यात. नोटीस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यापासून प्रत्यक्ष कार्यमुक्त होईपर्यंतचा ठरलेला अवधी, नेमणूकपत्रात नोंदलेला असतो आणि त्यात करायचे खरे काम म्हणजे चार्ज देणे. हिशेबनीस जात असेल, तर भविष्यनिर्वाह निधीचा भरणा १५ तारखेपर्यंत आणि जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत जायचे असते, कोणत्या पुरवठादाराचे बिल कशामुळे अडले आहे, कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, हे सारे नव्या माणसासाठी लिहून ठेवावे लागते. कारण यातले बरेचसे कोणत्याही फायलीत नसते, ते जाणाऱ्याच्या डोक्यात असते.

दुसरा कागद मालकाने द्यायचा. राजीनामा स्वीकारल्याचे पत्र आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्त केल्याचा दाखला, हातात नसेल तर पुढच्या कचेरीत माणूस अडकतो, म्हणून रागापोटी तो अडवून धरणे हा अन्यायच होय. कायम कर्मचाऱ्याची सलग ५ वर्षे सेवा झाली असल्यास ग्रॅच्युइटीही, म्हणजे सेवेबद्दल कायद्याने मिळणारे उपदानही, देय होते. ते कायद्याच्या व्याख्येनुसार धरलेल्या शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून, १५ ने व सेवेच्या वर्षांनी गुणून काढतात, आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत ते चुकते करणे मालकावर बंधनकारक असते, मग निरोप गोड झालेला असो वा कडू.