वारीच्या गावातला घरहिशोब : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरखर्च, बचत आणि मालमत्ता यांचा हिशोब महिन्याच्या महिन्याला मांडला की घराची आर्थिक स्थिती कळते, हा समज ठरावीक तारखेला पगार होणाऱ्यांच्या बाबतीत बव्हंशी खरा असला, तरी पंढरपुरात महाद्वार किंवा प्रदक्षिणा मार्गावर कुंकू-बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे-बत्तासे विकणाऱ्या अथवा वारकऱ्यांना खोल्या देणाऱ्या कुटुंबाला तो फसवा ठरतो. अशा घराची कमाई आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांभोवती एकवटलेली असते, खर्च मात्र बारा महिने चालूच राहतो.

त्यातच वारी तिथीने येते आणि हिशोब तारखेने होतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे आणि ही तूट अधिक मासाने भरून काढली जात असल्यामुळे आषाढी एकादशी 2023 साली 29 जूनला, तर 2024 साली 17 जुलैला आली. पहिल्या वर्षी एकादशीपर्यंतची विक्री जूनच्या पानावर आणि 3 जुलैच्या पौर्णिमेपर्यंतची जुलैच्या पानावर पडली. दुसऱ्या वर्षी एकादशी ते पौर्णिमा हा सगळा काळ जुलैतच गेला. या दोन जूनची तुलना करून धंदा बसला असा निष्कर्ष काढणे म्हणजे पंचांगाचा दोष गिऱ्हाइकावर टाकणे होय. म्हणून येथे एका आषाढीपासून पुढच्या आषाढीपर्यंतचा हिशोब एकत्र धरून त्याची मासिक सरासरी काढणे अधिक विश्वसनीय ठरते.

वारीत गल्ल्यात जमलेली रक्कम ही कमाई, हा दुसरा गैरसमज. समजा, एका दुकानात वारीच्या काळात 1,50,000 रुपये जमा झाले. त्यातून ठोक व्यापाऱ्याच्या मालाचे 90,000 आणि जागाभाडे व मजुरीचे 25,000 वजा केले, तर उरतात 35,000, आणि पुढची वारी चार महिन्यांवर असेल तर घरखर्चाला महिन्याकाठी 9,000 सुद्धा येत नाहीत. दुकानाची रोजकीर्द, म्हणजे दिवसाच्या जमा-नावेची नोंदवही, बहुतेक ठिकाणी नेमाने लिहिली जाते. पण घरासाठी गल्ल्यातून घेतलेली उचल तीत क्वचितच उतरते, आणि मग पैसा कुठे गेला याचे उत्तर घरातही मिळत नाही आणि वहीतही.

भिशी म्हणजे बचतच, हेही अर्धेच खरे आहे. वीस जणांनी दरमहा 2,000 रुपये भरायच्या आणि चिठ्ठी टाकून उचलायच्या साध्या भिशीत ज्याला तिसऱ्या महिन्यात 40,000 मिळाले, त्याने तोवर 6,000 भरलेले असतात. उरलेले 34,000 हे त्याचे कर्ज असते. ज्याचा नंबर बाराव्या महिन्यापर्यंत लागलेला नाही, त्याचे मात्र 24,000 रुपये येणे असते. निव्वळ मालमत्ता, म्हणजे मालकीच्या सर्व वस्तू व येणी यांच्या चालू किमतीतून सर्व देणी वजा जाता उरणारी रक्कम, मांडताना ही भिशी एकाच्या देण्यात आणि दुसऱ्याच्या येण्यात धरावी लागते.

सोन्याचा भाव चढल्याने निव्वळ मालमत्ता वाढते, पण ती वाढ बचत नव्हे, कारण उत्पन्नातून काहीच मागे टाकलेले नसते. राहत्या घराचेही तसेच: कागदावर ते कितीही मोठे दिसले, तरी अडचणीच्या दिवसांत त्याच्या भिंती मोडून किराणा भरता येत नाही. 2020 साली कोरोना साथीमुळे विठ्ठल मंदिर मार्चपासून दर्शनासाठी बंद होते, चैत्री आणि आषाढी या दोन्ही वाऱ्या गर्दीविना गेल्या आणि 2021 ची आषाढीही तशीच झाली. म्हणजे ज्या उत्पन्नावर वर्ष काढायचे तेच आटले. चटकन हाती येणारी रक्कम निव्वळ मालमत्तेच्या तक्त्यात वेगळी दाखवण्याचे कारण हेच आहे, आणि वारीच्या गावात ही रक्कम किमान एक वारी बुडाली तरी पुढच्या वारीपर्यंत घर चालेल इतकी असावी.

ती कोठे ठेवली आहे, यालाही महत्त्व आहे. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था या सारख्याच सुरक्षित, असे सरसकट मानले जाते. प्रत्यक्षात 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदाराच्या प्रत्येक बँकेतील ठेवींना मुद्दल व व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. त्यात विमा उतरवलेल्या सहकारी बँका येतात, पतसंस्था येत नाहीत. त्यामुळे दुकानावर रोज येणाऱ्या पिग्मी एजंटाकडे दिलेले पैसे यांपैकी कोणत्या संस्थेत जमा होतात, हे पावतीपुस्तकावरचे नाव वाचून तक्त्यात लिहून ठेवावे.